चारशे सातच्या केबिनचा गंज: घरच्या अंगणात पत्र्याचे काम करता येईल का?

पाटचारी (यावल) · २३ नोव्हेंबर, रात्री ९.१०

नमस्कार. आमच्याकडे १९९४ सालची टाटा ४०७ आहे. हे मॉडेल १९८६ साली बाजारात आले आणि आमच्या भागात त्याला ‘चारशे सात’ याखेरीज दुसऱ्या नावाने कोणी ओळखत असल्याचे मला आठवत नाही. वडिलांनी यावल तालुक्यातल्या बागांमधून सावदा स्टेशनापर्यंत केळी वाहून तिची पहिली दहा वर्षे काढली. पुढे केळीचे भाडे कमी असेल त्या महिन्यांत ती एका व्यापाऱ्याकडे लागली आणि गुजरातेतून नवापूरमार्गे मिठाच्या गोण्या आणू लागली. अधूनमधून खतेही वाहिली. गेली सहा वर्षे ती गोठ्याशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे.

इंजिन सुरू होते, गिअर पडतात, ब्रेकचे काम मी करून घेतले आहे. अडचण पत्र्याची आहे. ड्रायव्हरच्या पायाखालचा तळपत्रा दाबला की करकरतो, दोन्ही दरवाजांच्या खालच्या कडा बिस्किटासारख्या तुटतात, डाव्या फूटबोर्डमधून जमीन दिसते आणि समोरच्या काचेच्या खालच्या पट्टीवर रंगाला फुगे आले आहेत. चेसिसचे दोन्ही लांब चॅनेल मात्र ठोकून पाहिले तर खणखणीत वाजतात. त्यांवर वरवरचा गंज आहे, पापुद्रे सुटलेले नाहीत. हौद्याच्या, म्हणजे मागच्या माल भरायच्या भागाच्या, फळ्या बदलाव्याच लागणार आहेत.

तालुक्याच्या गावी एका गॅरेजमध्ये विचारले असता ‘काही कापायची गरज नाही, घासून लांबी (पुट्टी) भरतो आणि रंग मारून देतो’ असे उत्तर मिळाले. किंमतही परवडणारी होती. परंतु घासल्यावर जो पत्रा उरणारच नाही त्यावर लांबी कशी भरणार, हे मला समजले नाही. माझ्याकडे ग्राइंडर आहे, शेतीच्या कामासाठी घेतलेले साधे आर्क वेल्डिंगचे मशीन आहे आणि आखाजीपर्यंतचा (अक्षय्य तृतीयेपर्यंतचा) वेळ आहे. हे काम घरी जमण्यासारखे आहे का, आणि सुरुवात कुठून करावी?

गॅसबत्ती (भुसावळ) · २४ नोव्हेंबर, सकाळी ७.३५

भाऊ, काम जमेल, मात्र ग्राइंडर आठ दिवस पेटीतच राहू द्या. मी चाळीस वर्षे पत्र्याचे काम केले आहे. आता गुडघे दमले म्हणून हातोडी मुलाकडे दिली. गॅरेजवाल्याने सांगितलेली पद्धत मला नवी नाही. तशा गाड्या मीही काढून दिल्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा पुढच्या दिवाळीच्या आत परत आलेल्या पाहिल्या आहेत. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. लांबीखाली राहिलेला गंज त्यामुळे लांबीला आतून उचलतो, आधी रंगावर मुगाएवढा फुगा येतो आणि मग एके दिवशी तळहाताएवढा तुकडा निघून हातात येतो.

म्हणून पहिला प्रश्न गंज कुठे दिसतो हा नाही, पाणी कुठून येते हा आहे. तळपत्रा पायाखाली कुजला म्हणून पाणी पायातून आले असे समजू नका. बहुतेक वेळा समोरच्या काचेच्या रबराखाली कोपऱ्यात ते शिरते, बाजूच्या खांबाच्या पोकळीतून उतरते, मॅटखालच्या नमद्यात (जाड अस्तरात) जिरते आणि तो नमदा पोळ्यापासून दिवाळीपर्यंत ओला राहतो. सीट, मॅट, नमदा सर्व बाहेर काढा. एका माणसाला बॅटरी घेऊन केबिनमध्ये बसवा आणि बाहेरून नळीने पाणी सोडा, पण खालून वर जात. आधी दरवाजाची खालची कड, मग कब्जे, मग काचेची खालची पट्टी, शेवटी छप्पर. एकेका जागी पाच मिनिटे थांबा. वरून सुरुवात केलीत तर गाडी सगळीकडूनच गळते असे वाटेल आणि काहीच कळणार नाही.

दरवाजात काचेच्या फटीतून पाणी जाणे हा दोष नाही, ते जाणारच. त्याला बाहेर पडण्यासाठी दरवाजाच्या बुडाशी छिद्रे ठेवलेली असतात, आणि ती धूळ, पालापाचोळा आणि मागच्या रंगाऱ्याचा रंग यांनी बुजलेली असतात. तारेने मोकळी करून पाहा, काय निघते ते इथे लिहा.

दुसरे असे की जुन्या स्पीकरमधले लोहचुंबक काढा, पत्रा ओरखडू नये म्हणून फडक्यात गुंडाळा आणि केबिनवर सगळीकडे फिरवा. जिथे ते धरणार नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी आहे. त्या जागा खडूने आखून घ्या.

रिकामी_ट्रिप (पारोळा) · २४ नोव्हेंबर, दुपारी १.५०

एवढा खटाटोप कशासाठी, असा माझा प्रामाणिक प्रश्न आहे. आपला मुलूख कोरडा आहे, कोकण नाही. आमच्या जुन्या १२१० ट्रकला दर दोन वर्षांनी तारेचा ब्रश आणि रेड ऑक्साइडचे दोन हात एवढेच मिळाले आणि ती वीस वर्षे चालली. शिवाय आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी काढावे लागते. म्हणजे खर्च केबिनपाशी थांबणार नाही. हा पैसा दुसऱ्या गाडीत घातलेला बरा.

पाटचारी · १ डिसेंबर, रात्री १०.०५

गॅसबत्तीतात्यांनी सांगितल्याप्रमाणे सर्व केले. पुतण्याला आत बसवले होते. पाणी दोन ठिकाणांहून येते. काचेच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात रबर आखडून अर्धे बोट अंतर पडले आहे, आणि छपराच्या पुढच्या जोडात जिथे कधीकाळी पाटी बसवली होती तिथले चार स्क्रूचे भोक उघडे आहेत. दरवाजाची छिद्रे मोकळी केल्यावर उजव्या बाजूने ओंजळभर माती, केळीच्या सुकलेल्या पात्यांचा भुगा आणि आश्चर्य म्हणजे मिठाचे खडे निघाले.

चुंबकाने तर लाज आणली. उजव्या मडगार्डच्या वर हातभर जागेत ते चिकटतच नाही. पटाशीने खरवडले असता सुमारे ८ मिलिमीटर जाडीची लांबी निघाली आणि तिच्यामागे वर्तमानपत्राचा गोळा होता. भोकावर कागद कोंबून वर लांबी ओढलेली होती. हे काम कोणी केले ते वडिलांना आठवते, पण ते नाव सांगत नाहीत.

रिकामी_ट्रिप, आपले म्हणणे हिशेबाला धरून आहे. दुसरी गाडी घेता येईलही, परंतु ही विकून जे येईल त्यात दुसऱ्या गाडीचे टायरही येणार नाहीत, आणि वडील रोज सकाळी तिच्या बोनेटला हात लावून गोठ्यात जातात. फिटनेसचा खर्च मी धरला आहे.

मोलर (अमळनेर) · २ डिसेंबर, सायंकाळी ६.२०

मी रसायनशास्त्र शिकवत असे, पत्र्याच्या कामातले मला काही कळत नाही. परंतु मिठाचे खडे निघाले हे वाचून लिहावेसे वाटले, कारण माझ्या मते या धाग्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे.

खानदेश कोरडा आहे हे रिकामी_ट्रिप यांचे म्हणणे खरे आहे आणि तेच फसवते. मिठाला स्वतःची ओल लागत नाही, ते हवेतून ओढून घेते. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ पाझरू लागते आणि पत्र्यावर खाऱ्या पाण्याचा अदृश्य थर तयार होतो. आपल्याकडे चैत्र-वैशाखात हवा इतकी रखरखीत असते की गंज जणू झोपलेला असतो. आषाढात तो जागा होतो आणि पाऊस अंगावर न पडताही शेडमधल्या गाडीला खातो. उन्हाळ्यात रंगवलेली गाडी म्हणूनच नवी कोरी दिसते आणि गणपतीपर्यंत फुगे धरते.

यातली वाईट बाजू अशी की मिठातला क्लोराइड या क्रियेत खर्ची पडत नाही. लोखंडाशी त्याचे जे संयुग होते ते ओलाव्यात फुटते, त्यातून आम्ल तयार होते आणि क्लोराइड पुन्हा मोकळा होऊन पुढच्या लोखंडाला लागतो. खड्ड्याखड्ड्यांच्या गंजात तो तळाशी बसलेला असतो, तिथे तारेचा ब्रश पोहोचत नाही. ब्रशने वरचा गंज घासून चकचकीत काळा होतो एवढेच. आणि ज्यांनी मीठ कधीच वाहिले नाही त्यांनीही निर्धास्त राहू नये. केळीला जे पोटॅश आपण घालतो ते बहुधा म्युरिएट ऑफ पोटॅश असते, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. फाटक्या गोणीतून सांडलेले ते दाणेही हेच काम करतात.

उपाय साधा आहे: धुणे. मात्र बोअरचे पाणी शेवटच्या हाताला वापरू नका, कारण त्यात स्वतःचेच क्षार असतात. गंजाचे पापुद्रे खरवडून काढा, गरम पाण्याने आणि नायलॉनच्या ब्रशने घासा, सुकू द्या, पुन्हा घासा. दोन-तीन फेऱ्या झाल्यावर शेवटची धुणावळ बॅटरीत घालण्यासाठी मिळणाऱ्या डिस्टिल्ड पाण्याने करा. मीठ गेले की नाही ते तपासताही येते. पत्र्यावर फिरवलेले डिस्टिल्ड पाणी कापसाने टिपून एका परीक्षानळीत पिळा, दुसरीत तोच कापूस आणि तेच पाणी कोरे घ्या. दोन्हींत विरल नायट्रिक आम्लाचा एक थेंब आणि सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका. गाडीच्या नळीत दुधासारखा गढूळपणा आला आणि कोरी नळी स्वच्छ राहिली तर क्लोराइड अजून आहे. ओळखीच्या शाळेच्या प्रयोगशाळेत हे होईल. सिल्व्हर नायट्रेट बोटांना लागले तर काळे डाग पडतात आणि ते कित्येक दिवस जात नाहीत, एवढी काळजी घ्या.

रिकामी_ट्रिप · २ डिसेंबर, रात्री ८.४५

मॅडम, म्हणजे आमची १२१० वीस वर्षे चालली ती रेड ऑक्साइडमुळे की आम्ही फक्त कापूस आणि डाळ वाहिली म्हणून, हा आता मला नव्याने पडलेला प्रश्न आहे.

मोलर · २ डिसेंबर, रात्री ९.१५

दोन्हींमुळे, असे म्हणू. रेड ऑक्साइड वाईट नाही, पण साधा रेड ऑक्साइड प्रायमर ओल पूर्ण अडवत नाही. त्यावर रंगाचा थर लवकर चढला पाहिजे. नुसत्या प्रायमरवर वर्ष काढलेली गाडी म्हणजे छत्री न उघडता हातात धरणे आहे.

पांझराकाठ (धुळे) · ५ डिसेंबर, रात्री ११.००

वेल्डिंगबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. केबिनचा तळपत्रा आपल्या साध्या आर्क मशीनने जोडू नका. १८ गेजचा पत्रा जेमतेम १.२ मिलिमीटर जाडीचा असतो, २० गेजचा ०.९, २.५ मिलिमीटरच्या रॉडने तिथे जोड कमी आणि भोकेच जास्त पडतील. फूटबोर्डचे ब्रॅकेट, हौद्याचे अँगल, क्रॉस मेंबरच्या पट्ट्या यांसाठी आपले मशीन चांगले आहे. पत्र्यासाठी सीओटू मशीन (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात तार वितळवून जोडणारे) भाड्याने घ्या, ०.८ मिलिमीटरची तार लावा आणि सलग धागा ओढायच्या मोहात पडू नका. एक टाका इथे, दुसरा वीतभर दूर, तिसरा समोरच्या कडेला, असे फिरत राहा आणि मधल्या जागा थंड झाल्यावर भरा. मागे तांब्याची पट्टी धरली तर उष्णता ती खेचते आणि पत्रा जळत नाही.

कापताना हात आखडू नका. गंजाच्या पलीकडे स्वच्छ, मूळ जाडीचा पत्रा लागेपर्यंत कापा. घाबरून अर्धा सेंटीमीटर कमी कापलेली कड वेल्डिंगच्या आचेनेच विरघळते. ठिगळाचे कोपरे गोल ठेवा. नमुन्यासाठी लग्नपत्रिकांचे पुठ्ठे उत्तम, घरोघरी साठलेले असतात. आधी पुठ्ठा बसवा, मग पत्रा कापा.

आणि चेसिसबद्दल एकच वाक्य. लांब चॅनेलच्या वरच्या-खालच्या पट्टीवर वेल्डिंगही करू नका आणि भोकही पाडू नका. सगळा भार तिथे असतो. चेसिस नंबर जिथे ठोकलेला आहे तिथे ग्राइंडर लावू नका, नाहीतर आरटीओत तुम्हीच चोर ठराल. हे दोन झाले, असो.

गॅसबत्ती · ६ डिसेंबर, सकाळी ७.१०

पांझराकाठ यांच्याशी माझे बहुतांशी जुळते. मी आयुष्यभर गॅसवर जोड केले आणि आजही म्हणेन की गॅसचा जोड मऊ असतो, हातोडीने ठोकून एकसारखा करता येतो. पण नवशिक्याच्या हाती गॅसने पत्रा पापडासारखा वाकडा होतो, म्हणून या भाऊंनी सीओटूच वापरावे.

एका गोष्टीची भर घालतो. ठिगळ वरून ठेवून कडा जोडणे सोपे जाते, पण दोन पत्र्यांच्या मधली फट म्हणजे पाण्याला घर बांधून देणे होय. दिसणाऱ्या जागी कड कडेला भिडवूनच जोडा. तळाला वरून ठेवलेच तर दोन्ही पत्र्यांच्या आतल्या बाजूंना आधी झिंकचा वेल्डिंग प्रायमर लावा आणि नंतर सर्व सांधे सीलरने बुजवा. गॅल्व्हनाइज्ड पत्रा गंजत नाही म्हणून तो घालण्याचा सल्ला कोणीतरी देईल. जोडताना त्याचा पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. मी तो ताप काढलेला आहे. साधा सीआर (कोल्ड रोल्ड, जस्ताचा थर नसलेला) पत्रा घ्या.

वेल्डिंगआधी बॅटरीच्या तारा सोडा, डिझेलची टाकी उतरवा, सीटचा फोम शेडबाहेर ठेवा, पाण्याच्या दोन बादल्या जवळ असू द्या आणि काम संपल्यावर अर्धा तास तिथून हलू नका. गोठ्यात कडबा आहे, हे विसरू नका.

पाटचारी · १९ जानेवारी, रात्री ९.३०

उशीर झाला, मध्ये केळीच्या घडांची कापणी होती. आतापर्यंतचे काम सांगतो.

पांझराकाठ यांचे न ऐकता फूटबोर्डाच्या वरच्या पत्र्यावर एकदा आर्क मशीन चालवून पाहिले. पाच मिनिटांत रुपयाएवढी तीन भोके पडली. त्यानंतर गुपचूप सीओटू मशीन आणले. तळपत्र्याचे ड्रायव्हरकडचे जवळजवळ पाऊण अंग कापून काढावे लागले; जिथे मॅट कोरडी दिसत होती तिथेही खालून पत्रा कागदासारखा झाला होता. नवीन पत्रा १८ गेजचा घातला. दरवाजांच्या खालच्या कडा दुमडून तयार करण्यासाठी दोन अँगलमध्ये पत्रा आवळून लाकडी हातोडीने ठोकला. पहिली कड नागमोडी आली, दुसरी बरी, तिसऱ्या वेळी वडिलांनी हातोडी हातातून घेतली आणि एकदम सरळ काढून दिली. त्यांनी बैलगाडीच्या धावा बसवताना लोहाराला मदत केलेली आहे, हे मला आजच कळले.

मीठ तपासले. गावातल्या शाळेच्या सरांनी मदत केली. पहिल्या धुण्यानंतर नळी ताकासारखी पांढरी झाली, तिसऱ्यानंतर किंचित धुरकट, पाचव्यानंतर कोऱ्या नळीशेजारी धरली तरी फरक कळेना. काचेखालच्या पट्टीच्या सांध्यातून मात्र अजून थोडे येते.

कब्जे, आरशाचे ब्रॅकेट आणि कुलपाचे भाग यांवरचा गंज धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर वापरून काढला. भाग ऋण टोकाला, जुनी लोखंडी सळई धन टोकाला. इथे एक शंका आहे: पाट्यांच्या स्प्रिंगलाही हीच पद्धत चालेल का? आणि गंजाला काळे करणारा जो द्रव मिळतो तो केबिनवर सगळीकडे फासला तर वेळ वाचेल का?

मोलर · २० जानेवारी, दुपारी ४.१०

स्प्रिंगचे पाटे ना आम्लात बुडवायचे ना या विजेच्या पिंपात. या दोन्हींत हायड्रोजन तयार होतो, तो कठीण पोलादात शिरतो आणि भाराखाली पाटा अवचित तुटू शकतो. तारेच्या ब्रशनेच घासा. पिंप उघड्यावर ठेवा, तोच हायड्रोजन पेट घेतो. धन टोकाला स्टेनलेस स्टीलचा चमचा वगैरे चुकूनही लावू नका, त्यातून क्रोमियमचे विषारी संयुग पाण्यात उतरते. लोखंडी सळई लावलीत ते योग्य केले.

काळे करणाऱ्या द्रवात फॉस्फरिक किंवा टॅनिक आम्ल असते, ते गंजाचे स्थिर संयुग बनवते. जिथे हात पोहोचत नाही अशा पोकळीत तो ठीक आहे. जिथे पत्रा स्वच्छ करता येतो तिथे त्याची गरज नाही, आणि जास्तीचा द्रव न धुता राहिला तर त्यावर एपॉक्सी प्रायमर धरत नाही.

सांध्यातल्या मिठासाठी ओला कापूस रात्रभर तिथे ठेवून सकाळी बदला. असे आठ दिवस करा. पाण्याने आत ढकलण्यापेक्षा कापसाने बाहेर ओढलेले चांगले.

रंगछटा (नंदुरबार) · २४ जानेवारी, रात्री ८.००

मी रंगकाम करतो, म्हणून पुढचा टप्पा सांगतो. स्वच्छ, कोरड्या पत्र्यावर सर्वप्रथम एपॉक्सी प्रायमर. लांबी त्याच्यावर, त्याच्याखाली नाही. लांबी ओल शोषते. उघड्या लोखंडावर ती बसवणे म्हणजे ओला बोळा बांधून ठेवणे. एपॉक्सी सुकल्यावर ८० नंबरच्या पेपरने खरखरीत करा, मग लांबी ओढा, आणि ती २-३ मिलिमीटरच्या वर जात असेल तर पत्रा ठोकून वर आणायला तुम्ही कंटाळलात असे समजा.

ऋतूचा विचार करा. आत्ता सकाळी पत्र्यावर दव असते, म्हणून ऊन वर येऊन पत्रा हाताला कोमट लागेपर्यंत प्रायमर मारू नका. फेब्रुवारी उत्तम. मार्चनंतर वावटळी सुरू होतात आणि एप्रिल-मेमध्ये तुमच्याकडे उन्हातला पत्रा इतका तापतो की बंदुकीतून निघालेला रंग पसरायच्या आधीच वाळतो. मग हात फिरवला की वाळूच्या कागदासारखे लागते. त्या दिवसांत काम करणे भागच पडले तर पहाटे करा आणि सावकाश उडणारे थिनर घ्या.

हार्डनर मिसळायचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग टिकतो चांगला, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याची फवारणी नाकावर रुमाल बांधून करणाऱ्यांना कायमचा दमा जडलेला मी पाहिला आहे. साधा धूळमास्क त्याला अडवत नाही, बाहेरची हवा नळीने पुरवणारा मुखवटा लागतो. तो नसेल तर शेवटचा रंग रंगाऱ्याकडे जाऊन मारून घ्या किंवा साधा सिंथेटिक एनॅमल ब्रशने मारा. ट्रकला ब्रशचा रंग शोभतो, त्यात कमीपणा नाही. रंग मूळचाच ठेवा, म्हणजे आरसी बुकात नोंद बदलण्याचे काम उरणार नाही.

पाटचारी · ११ मार्च, रात्री १०.२०

एपॉक्सी फेब्रुवारीत झाले. लांबीला मात्र मार्च उजाडला आणि त्याची शिक्षा भोगली. डब्यावर लिहिल्याप्रमाणे दोन टक्क्यांच्या अंदाजाने हार्डनर घातले, पण दुपारचे तीन वाजले होते; मडगार्डवर दुसरा हात ओढेपर्यंत पाटीवरचा गोळा दगड झाला. दोन पाट्या वाया गेल्यावर सकाळी साडेसहाला काम सुरू केले, एका वेळी लिंबाएवढीच लांबी कालवली आणि सर्व सुरळीत झाले.

शेवटचा रंग ब्रशनेच मारणार आहे. वडिलांचे म्हणणे आहे की मागे फाळक्यावर केळीचा घड पूर्वीसारखाच हवा. गावातला चित्रकार ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहू का असे विचारत होता. ते महाराष्ट्रात २०१५ पासून बंद आहे असे सांगितल्यावर तो हिरमुसला.

आता आतल्या पोकळ्यांचे काय करावे? आमच्याकडे सगळे जळके ऑइल मारतात.

गॅसबत्ती · १२ मार्च, सकाळी ६.५५

जळके ऑइल मारू नका. काही दिवस ते ओल अडवते, पण त्यात इंजिनातली आम्ले असतात, त्यावर धूळ बसून चिखलाचा थर होतो, रबराचे बुश फुगतात आणि थेंब पडतात ते तुमच्याच मातीत. पोकळ्यांसाठी मेणाचा फवारा मिळतो, तो लांब नळीने खांबांत आणि दरवाजांत मारा. पाण्याची छिद्रे नंतर पुन्हा तारेने मोकळी करा, नाहीतर मेणच बूच होऊन बसते.

हौद्याच्या फळ्यांना जवसाचे तेल पाजणार असाल तर चांगले आहे, शेवटच्या कडेपर्यंत पाजा आणि फळी व लोखंड यांच्यामध्ये रबराची पट्टी टाका. पण त्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना स्वतःच तापते आणि फडक्यांचा ढीग काडी न लावता पेटतो. एकेक फडके उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. तुमच्याकडचा मार्च आणि शेजारचा कडबा पाहता हे दोनदा वाचा.

रिकामी_ट्रिप · १२ मार्च, सकाळी ११.३०

हे मला ठाऊक नव्हते. आमच्या शेडमध्ये असाच ढीग होता. आत्ताच उठून पसरवून आलो.

पाटचारी · १४ जुलै, रात्री ९.४५

आखाजीला गाडी उभी राहिली, जूनमध्ये फिटनेसही झाले. मुद्दाम थांबलो होतो, कारण मोलर मॅडमनी आषाढाचे भाकीत केले होते.

गेल्या आठवड्यात सलग तीन दिवस पाऊस झाला. गाडी मुद्दाम शेडबाहेर उभी ठेवली. नवा नमदा अजून घातलेला नाही, तळपत्र्यावर वर्तमानपत्र पसरून ठेवले होते. ड्रायव्हरची बाजू, दोन्ही दरवाजे, छपराचा जोड सगळे कोरडे आहे. दरवाजांच्या छिद्रांतून पाणी बाहेर टपकते आहे, ते पाहायला पुतणे छत्री घेऊन बसले होते. मडगार्डवर एकही फुगा नाही.

काचेच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात मात्र कागद हातरुमालाएवढा ओला झाला. रबर नवे आहे, पण ज्या पट्टीवर ते बसते तिची कड मी घासताना थोडी खाली गेली असावी; पट्टी लावून पाहिली तर तिथे सुमारे २ मिलिमीटरचा खळगा आहे. काच पुन्हा काढावी लागेल असे दिसते. गॅसबत्तीतात्या, खळगा पितळेच्या झाळीने भरून आणावा की सीलरचा जाड थर चालेल?

गॅसबत्ती · १५ जुलै, सकाळी ७.०५

सीलर चालणार नाही, दोन पावसाळ्यांत आखडेल. झाळही नको, तिचा द्रावक (फ्लक्स) सांध्यात राहिला की तिथूनच गंज धरेल. काच काढा, पट्टीची कड पक्कडीने हळूहळू वर ओढा, उघड्या झालेल्या पत्र्याला त्याच दिवशी एपॉक्सी लावा. पण आत्ता नको, हवेत ओल आहे. तोवर कोपऱ्यावर ताडपत्री बांधा आणि दसऱ्यानंतर भुसावळला गाडी घेऊन या. काच काढायला दोन माणसे लागतात, आणि मला तो दरवाजा बघायचा आहे जो तुमच्या वडिलांनी ठोकला.